आफकेच्या खिडकीतला लाल दिवा

ग्रोनिंगन या डच शहरातल्या त्या गल्लीत एक कुजबुज फार वर्षं टिकली. विद्यापीठातल्या आफके विर्समाने निवृत्तीच्या तोंडावर घरातच लाल दिव्याचा धंदा काढला, आणि पहिलं गिऱ्हाईक, शेजारचा विधुर हार्म, भर दुपारी तिचा फुलाफुलांचा झगा घालून बाहेर पडला.

झगा घातला होता, हे खरं. त्यात कुजबुज सुरू करणाऱ्या शेजारीण बेर्ताचंही काही चुकलं नाही. तिने समोरच्या आपल्या खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं.

आफकेने उभी हयात प्रयोगशाळेत एका लिबलिबीत, जेलीसारख्या खळीपायी घालवली. खळीतल्या रेणूंना ना गाठ, ना डिंक. नुसते एकमेकांचे हात धरून लांबच लांब रांगेत उभे. ऊन लागलं की हात सुटले, खळीचं पाणी. अंधारात उबेला ठेवलं की रुसवा संपला, पुन्हा हातात हात. लाल उजेड तेवढा चालायचा. लग्नाचं कुणी विचारलं की आफके म्हणे, "दिवसभर यांचीच भांडणं मिटवते. घरी आणखी एक कुठे आणू?"

सोमवारी अनुदान देणारे पाहुणे यायचे होते. त्यांच्यापुढे खळीची उघडी बरणी उलटी धरायची. खळी तशीच टांगून राहिली तर काम चालू, ओघळली तर आफकेचा विषय कायमचा बंद. आणि नेमके आदल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत नवे दिवे बसले. माणूस हलला की आपोआप पेटणारे! विझवायची कळच नाही. आफके दोन दिवस न हलता काम करू पाहत होती. शेवटी बरणी कोटाखाली घालून घरी आणली, पडदे ओढले, लाल दिवा लावला.

पडदे ओढले! जिथे लोक रस्त्यावरच्यांना दिसेल असं बसून बटाटे खातात, तिथे!

"जा, विचारून ये," बेर्ताने हार्मला ढोसलं.

"मीच का?"

"तू पुरुष आहेस. तुला दार उघडेल."

हार्म ठेवणीतला रविवारचा कोट चढवून गेला. आफके म्हणाली, "ये, बस. कशाला हात लावू नकोस. कॉफी टाकते."

हार्म आरामखुर्चीत बसला. डोक्यावरच्या फळीला सोमवारच्या तालमीसाठी बरणी उलटी टांगलेली. बिचाऱ्याला वाटलं, पडदे उघडले की गल्लीची तोंडं बंद होतील. त्याने सर्रकन पडदा सारला. लख्ख ऊन! थोड्या वेळाने काहीतरी गार त्याच्या मांडीवर पडलं.

"आफके, तुझं छत गळतंय."

स्वयंपाकघरातून किंकाळी आली. पडदे पुन्हा मिटले.

"हलू नकोस! विजार काढ!"

"अगं, पण बेर्ता..."

"खड्ड्यात गेली बेर्ता! कोटपण काढ!"

कपडे दुलईत गुंडाळून शेगडीजवळ गेले, हार्म झग्यात गेला. पुढचं बेर्ताने पाहिलंच.

सोमवारी घरातच, लाल उजेडात आफकेने पाहुण्यांपुढे विजार उलटी टांगली. रुसलेली रेणूमंडळी विजारीवरच समेट करून बसली होती. थेंब पडला नाही. अनुदान मिळालं.

लाल दिवा खळीसाठी होता, विजार विद्यापीठाला हवी होती, आणि हार्मला त्या दिवशी कॉफीसुद्धा मिळाली नाही.