दोन माणसांचा जोर

निजामाच्या राजवटीत औरंगाबाद स्टेशनजवळच्या एका प्रेसमध्ये मी कापूस तोलायला होतो. कन्नड-सोयगावकडचा कापूस यायचा. सरकी काढली की पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी दाबायच्या. पंपाचा लांब दांडा आठ माणसं मारायची.

एका हंगामात पंप मोडला. शेठनी दुसरा आणला, त्याचा दट्ट्या जुन्याच्या निम्म्या जाडीचा.

"पंप लहान आहे, दहा माणसं लावा," शेठ म्हणाले. मलाही ते पटलं.

प्रेसचा मिस्त्री मात्र म्हणाला, "मुनीमजी, जरा हिसाब करके बोलो. सिलिंडर पुराना है, और उसके बाजू में मैं खडा रहता."

दुपारी घरी पाटीवर हिशेब मांडला. जाडी निम्मी, म्हणजे दट्ट्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौथाई. तेवढ्याच जोराला पाण्यातला दाब चौपट. आठांच्या जागी दोघं पुरेत. दहा लावले तर दाब पाचपट, सिलिंडर फुटणार. पुन्हा केला, तेच उत्तर. खरं वाटेना. एकीकडे शेर, दुसरीकडे मण ठेवूनही काटा सरळ राहतो, अशा तराजूला मी जन्मभर खोटा म्हणत आलो होतो.

"पंप बारीक झाला अन् जोर वाढला? असं कुठं असतंय का?" मंडळी ताट वाढत म्हणाली.  मी न जेवताच उठलो.

प्रेसवर दहाजण दांड्याला लागलेच होते. मी ओरडलो, "आठजण बाजूला व्हा!"

शेठ हसले. "दोघांनी दाबायची? मग ही गाठ तुमच्या घरी गादी म्हणून न्या."

दोघं दांडा मारत राहिले. गाठीखालचा लोखंडी पाट वर चढतोय की नाही, तेच समजेना. पूर्वीच्या चौपट वेळ गेला. शेवटी दांडा जड झाला, हलेना. गाठ अजून दोन बोटं फुगलेली होती. हिशेबानं ती बसायला हवी होती. का बसली नाही, तेही कळेना.

"अजून दोघं लावा," शेठ म्हणाले.

"नको, शेठ."

"तुमचा हिशेब तुम्हाला तरी कळलाय का?"

"नाही. पण माणसं वाढवू नका."

 तेवढ्यात मिस्त्रीनं गाठीवर लोखंडी पट्ट्या आवळायला घेतल्या. गाठ तशीच, दोन बोटं फुगलेली, मालगाडीत चढली.