दलालमामांचा दुपट्टा

घर कसं विकावं हे अख्ख्या गोंदियात एकाच माणसाला कळत होतं, आणि त्या माणसाची सगळी विद्या बैलबाजारातली होती. माझ्या सासऱ्यांचे ते बालमित्र. लहानथोर सगळे त्यांना दलालमामा म्हणत. अर्धं आयुष्य त्यांनी आठवडी बाजारात बैलांचे दात बघण्यात घालवलं. पुढे गावात रेल्वेचं जंक्शन वाढलं, धानाच्या गिरण्या आल्या, बाहेरगावचे व्यापारी घरं शोधू लागले, तसे मामा बैलांवरून घरांवर आले. पण सवय जाते थोडीच! नव्या घरात शिरताना आधी चौकटीवर अशी थाप मारायचे की जणू ती आता शेपटी हलवणार. मग वाकून छपराच्या कवेलूंखाली बघायचं आणि मान डोलवून म्हणायचं, "जवान आहे. अजून लय वर्षं वढते." घर काय ओढणार होतं देव जाणे! सौदा झाला की दाराच्या कपाळावर गुलाल लावायचे, आणि नव्या मालकाची तो पुसायची छाती होत नसे.

घर विकणाऱ्याला ते फुकट सल्ले देत, न मागता देत, आणि ऐकले नाहीत तर चिडत. पहिला सल्ला, खोड आधी सांगा. एका बिडीवाल्याचं घर दाखवताना गिऱ्हाइकाने जोडे काढायच्या आत मामांनी गळका कोपरा दाखवला. घरमालक मटकन खालीच बसला. गिऱ्हाईक मात्र खूश! एवढा खरा माणूस म्हणून त्याने बाकीचं घर धड बघितलंही नाही. दुसरा सल्ला, घर दाखवायच्या दिवशी चूल पेटती हवी, तिच्यावर भात रटरटत हवा. "थंड चुलीचं घर कोनाले दाखवू नका बापा. बसलेला बैल कोनी घेते काय?" आणि तिसरा, मालकाने घरात थांबायचं नाही. "मालकाचं तोंड पाह्यलं का गिऱ्हाईक बिचकते." एका सावकाराला त्यांनी दिवसभर स्टेशनावर गाड्या बघत बसवलं होतं.

भाव मात्र कधी तोंडाने बोलायचे नाहीत. तोही बैलबाजाराचाच रिवाज. खांद्यावरचा दुपट्टा गिऱ्हाइकाच्या हातावर टाकायचा आणि त्याखाली बोटं धरून, दाबून भाव करायचा. काय ठरलं ते त्या दोघांना ठाऊक आणि वरच्या देवाला. मामांची एकच बढाई होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी हजारदा ऐकलेली. "माझ्या दुपट्ट्याखाली गेलेला सौदा कधी तुटला नाई."

तो तुटला आमच्याच घरी. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, सौंदडला एकट्या राहायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बहिणीने एकटं राहू नये, घर विकून गोंदियाला आपल्याकडे यावं, असं मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवून टाकलं. आत्याबाई भावाच्या शब्दाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. "दादा म्हणन तसं," एवढंच म्हणाल्या, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मला ते दिसत होतं. मामंजींना मात्र दिसेल तर शपथ!

गोंदियाचे एक शेटजी घर बघायला येणार ठरलं. मामांनी भिंती पोतारून घेतल्या, आत्याबाईंना शेजारच्या घरी बसवलं आणि चुलीपाशी मला नेमलं. आता माझ्या हातचा भात! मी वासाचा चिन्नोर तांदूळ चढवला आणि बोलण्याच्या नादात असा करपवला की वास भिंत ओलांडून गेला. आत्याबाई तरातरा आल्या. "कायले हात लावतेस वो, होत नाई त!" म्हणत मला बाजूला सारून चुलीपुढे बसल्या. दुसरा भात चढला, घरभर असा घमघमला की शेटजी ओसरीवरून उठून आतच आले.

मामांनी सवयीने विचारलं, "बाई, घराची खोड सांगून टाका."

आत्याबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. बराच विचार केला. म्हणाल्या, "खोड एकच आहे जी. माझ्याबिगर याले करमत नाई."

मामा खाकरले, दुपट्टा काढला, शेटजींच्या हातावर टाकला. मामंजी टक लावून बघत होते. मामांचा चेहरा नेहमीसारखाच, लाकडी. थोड्या वेळाने त्यांनी दुपट्टा उचलून झटकला.

"तुटला," ते म्हणाले.

मामंजी भडकलेच. "अरे, काऊन तुटला? तुझा कधी तुटते काय?"

"म्हातारा झालो बापा. बोटं चालून नाई राहिली."

बाजारात लोक हसले. मामंजी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. ज्या घरापुढे दलालमामांनी हात टेकले ते घर दुसरा कोणता दलाल हातात घेणार? शेवटी मामंजींनीच नाद सोडला. आत्याबाई सौंदडलाच राहिल्या आणि पोटभर जेवू लागल्या. मामांनी मात्र ती बढाई पुन्हा कधी मारली नाही. मला तेव्हा वाटायचं, बिचारे खरंच थकले.

दुसरी जागतिक लढाई संपली त्या साली मामा गेले. तेरवीला ते शेटजी आले होते. पंगत उठल्यावर मला म्हणाले, "बहूजी, उस दिन मामाजीने मेरी उंगली पकडीही नहीं. दोनों हाथों में मेरा हाथ लेकर बस पकडे रहे. मैं समझ गया. अब ऐसे आदमी को हां कैसे बोलता?"

मी दुसऱ्याच दिवशी सौंदड गाठलं आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. दुपार टळलेली, चूल विझली होती. त्यांनी उठून ती पुन्हा पेटवली, वर भाताचं पाणी ठेवलं.

"कोनासाठी वो आत्याबाई? जेवणं तर झाली," मी विचारलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मामाले थंड चूल आवडत नवती."

मग मात्र आम्ही दोघी तिथेच बसून मनसोक्त रडलो, आणि भात उतरवल्यावर पुन्हा एकदा जेवलो.