धूर करू नका म्हणे!

आमचे हे एसटीतून रिटायर झाले आणि घरात मोबाईलचं राज्य आलं. उभा जन्म कंडक्टरकी केलेला माणूस, कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, तो आता उठल्यापासून त्या डबड्यातल्या एआयला विचारतो. ह्यांनी बोलून विचारायचं, त्यानं बोलून सांगायचं. दूध का नासलं, विचार त्याला. गुडघा का ठणकतो, विचार त्याला. बायको शेजारी भाकऱ्या थापत बसलीय, तिलाही तोंड आहे, हे कुणाच्या ध्यानातच नाही.

बरं, नुसतं थोतांड म्हणावं तर तसंही नाही. गेल्या पावसाळ्यात भाताच्या पानांवर ठिपके पडले. ह्यांनी फोटो काढून दाखवला, त्यानं करपा असेल म्हणून सांगितलं, कृषी सहायकाला फोन करायला लावला. औषध वेळेत मारलं आणि पीक वाचलं. शेजारच्या खाचरातलं पार गेलं. तेव्हापासून माझं तोंड बंद झालं.

यंदा उन्हाळ्यात राबाची तयारी चालली होती. आमच्या पासली गावाकडे भाताचं रोप करायचं तर आधी राब भाजावा लागतो. शेण, टहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर वाफ्यावर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, जमीन भाजून निघते, पाऊस पडला की त्या राखेत बी टाकायचं. राब झाला नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही, आणि मग वर्षभर ताटात विकतचा तांदूळ. मी डोक्यावरून टहाळ्या वाहून मान मोडून घेतली, थर रचले, आणि हे म्हणतात, "अगं, यंदा राब नको. धुरानं हवा खराब हुती. हे म्हणतंय, न भाजता मातीचा उंच गादीवाफा करा."

"अन् गादीवाफ्याला पानी?"

ह्यांनी लगेच विचारलं. ते गोड आवाजात म्हणालं, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी शिंपडावे. मे महिन्यात! झरा आटलेला, टँकर आला की हंड्यांची झुंबड, अन् मी वाफ्यावर झारी फिरवू? माझं डोकंच फिरलं.

त्यात पुण्याला कंपनीत असलेली आमची लेक सुट्टीला आली. मला वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल. तिनं भलतंच ऐकवलं. हे एआय हवेवर चालत नाही म्हणे. कुठंतरी मोठमोठ्या इमारतींत यंत्रं रात्रंदिवस चालू असतात, त्यांना बेसुमार वीज लागते, अन् ती तापू नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी पाणीही लागतं. तिच्या हापिसात तर लिहायचं काम करणाऱ्या दोन पोरींना घरी बसवलं, त्यांचं काम आता हेच करतं.

"कुठलं पानी?" मी विचारलं.

"ते कोण सांगतंय, आई!"

आमच्या डोंगरावर पडलेला पाऊस खाली धरणात जातो, धरणातून शहराकडं. आम्ही वर बसून टँकरची वाट बघतो. तो राग आता जुना झालाय. पण स्वतः वीज-पाणी ढोसायचं अन् वर मलाच शिकवायचं, बाई, धूर करू नकोस? वर्षातनं एकदा, एका वाफ्याचा धूर! इथं वाऱ्यानं तार हलली तरी आमची लाईट जाते. मी लेकीला म्हणलं, "विचार त्याला, तुझा धूर कुठं निघतो ते." तिनं खरंच विचारलं. आणि त्यानं कबूल केलं की ओ! माझाही पर्यावरणावर परिणाम होतो, आपली चिंता रास्त आहे, वगैरे वगैरे. मेलं धड भांडतही नाही.

लेक हसायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "उद्या राब पेटणार म्हंजे पेटणार," मी ठणकावलं. हे उठून मागल्या दारी गेले.

थोड्या वेळानं मी गोवऱ्या आणायला मागं गेले, तर हे गोठ्याच्या भिंतीला टेकून मोबाईलशी बोलत होते. अगदी हळू. "गेल्या साली राबाचा धूर छातीत गेला, तवापास्नं चढ चढताना लई दम लागतो. झोपताना छाती घुरघुरती. उद्या परत पेटवणार हाय ती. काय करू?" ते म्हणालं, धुरापासून लांब राहा, डॉक्टरांना दाखवा आणि घरच्यांना सांगा.

म्हणजे हवा खराब होती ती ह्यांच्या छातीतली. वर्षभर मी शेजारी झोपते, अन् मला पत्ता नाही, त्या डबड्याला ठाऊक! संताप संताप झाला. रडूही आलं.

"मला का न्हाई सांगितलं?" मी ओरडलेच. "मी काय मेले व्हते?"

हे दचकले. मोबाईल खिशात घातला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू चिडतीस. हे चिडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी लेक ह्यांना भोरला डॉक्टरकडं घेऊन गेली. मागं मी एकटीनं राब पेटवला, रोप तर पाहिजेच होतं. त्याआधी, घरात धूर शिरू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, अंथरुणं आत कोंडली. मग वाफ्याशेजारी बसून, हे परत आल्यावर काय बोलायचं ते घोकत राहिले. दिवस कलला, तरी आवाज न चढवता एक वाक्य काही मला जमेना.