कुसुमबाई पाहुणी होते

राणीसावरगावात कुसुमबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर तिनं रोजानं कापूस वेचून एकुलत्या लेकीला शिकवलं आणि वाकड्यात शिरणाऱ्या मुकादमाचा सगळ्या शिवारासमोर उद्धार केला. पण एका ठिकाणी ही वाघीण गरीब गाय व्हायची. गावच्या चहाच्या हॉटेलात तिच्या वस्तीसाठी कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा, जागेवर ठेवायचा. छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला, कायदेही झाले. कोनाडा मात्र होता तिथंच. पुढं कुसुमबाईनं तिथं पाऊल टाकणंच बंद केलं, पण लहानपणापासून हाताला लागलेलं वळण काही गेलं नाही.

शहात्तर साली लेक सत्यशीला गंगाखेडला मास्तरीण झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत मायला समुद्र दाखवायला मुंबईला घेऊन गेली. समुद्र हे आपलं निमित्त. जन्मभर राबलेल्या मायनं एकदा तरी पाहुणी म्हणून नुसतं बसावं, कुणीतरी तिच्या पुढ्यात चहा आणून ठेवावा, एवढंच सत्यशीलेला बघायचं होतं. म्हणून ओळखीच्यांकडं न उतरता तिनं गिरगावात, चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर एक लॉज गाठला. लॉज तरी कसला, लाकडी जिन्याची जुनी इमारत! पण खोली स्वच्छ होती आणि गॅलरीतून मान वाकडी केली की दोन घरांच्या मधून समुद्राची निळी चिंधी दिसायची. मॅनेजर दिनकररावांनी नावगाव विचारलं, किल्ली दिली, संपलं. सत्यशीलेच्या जिवात जीव आला.

लिंबाजी नावाचा पन्नाशीचा वेटर चहा ठेवून गेला. कुसुमबाई चहा प्यायली, उठली, मोरीत दोन्ही कप घासून लख्ख केले आणि दाराबाहेर पालथे घातले.

“माय, हे काय करायलीस?”

“मग? पेलेला कप तसाच ठिवू?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं चादरींच्या घड्या घातल्या, कुठून तरी झाडू पैदा केला, खोली झाडली आणि तेवढ्यानं भागेना म्हणून अख्खी गॅलरी झाडून काढली. सत्यशीला आंघोळ करून आली नि तिनं कपाळावर हात मारला. तिला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा आणखी राग आला.

“इथं आपली कपबशी कुणी येगळी ठिवली न्हाई, माय! तू पाव्हणी हायेस!”

“पाव्हणी हाय, मूर्ती न्हाई. नुसतं बसून कंबर धरती माझी.”

एवढ्यात लिंबाजी चहा घेऊन आला आणि त्यानं हातच जोडले. “मावशी, मॅनेजर विचारतात, सगळं त्या बाई करतात तर तुझा उपयोग काय? माझ्या पोटावर पाय आणू नका.”

लेकीच्या भाषणानं जे झालं नव्हतं, ते या एका वाक्यानं झालं. कष्टकऱ्याच्या पोटावर पाय? कुसुमबाई वरमली. गुमान चहा प्यायली आणि खरकटा कप टेबलावर ठेवला. हात पुन्हा तिकडं जायला लागला तसा तिनं तो मांडीखाली दाबून धरला. ते बघून सत्यशीलेला हसू फुटलं, मग मायलाही.

हसणं थांबतंय तोच दार वाजलं. शेजारच्या खोलीतला एक जाडजूड गृहस्थ उभा होता. सकाळी त्यानं कुसुमबाईला झाडताना पाहिलं होतं.

“ए बाई, बादलीभर गरम पाणी आण. लवकर.”

आता माय बादली उचलणार, हे सत्यशीला धरूनच चालली. कुसुमबाई उठली, पदर सारखा केला आणि दारात गेली.

“मी इथं उतरलेली हाय. तुमच्यासारखीच,” ती म्हणाली. “पाणी पायजे तर लिंबाजीला हाक मारा. आन् जरा नीट मारा, वडीलधारा माणूस हाय.”

गृहस्थाचा चेहरा उतरला. “चुकलं हं, बाई,” म्हणत तो मागे फिरला.

कुसुमबाईनं दार लावलं आणि खुर्चीत ऐसपैस मांडी घातली. सत्यशीलेचे डोळे भरून आले होते. तिकडं साफ दुर्लक्ष करून माय म्हणाली,

“सत्ये, लिंबाजीला म्हणावं, अजून एक चहा आण. समुद्र कुठं पळून चाललाय?”