गाडीखालच्या क्लिपा

माझे सासरे तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्न होऊन परतूरला आले तेव्हापासून मामांचं आणि माझं बोलणं फार नव्हतं. चहा ठेवू का, ठेव. गाडीत हवा भरली का, भरली. मी वाटूरकडच्या एका शाळेत शिकवते, रोज गाडीनं जाते-येते. ती गाडी नीट चालावी हे मामांनी न सांगता आपल्याकडे घेतलं होतं.

ऑइल ते घरीच बदलायचे. जाड फळ्यांचे दोन उतार त्यांनी स्वतः ठोकून केले होते. पुढची चाकं त्यावर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे आणि खाली पोतं अंथरून सरकायचं. गॅरेजमधल्या पोरांवर त्यांचा विश्वास नव्हता.

गेल्या दिवाळीच्या आधीपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते कप सोडून अर्धा भरलेला स्टीलचा ग्लास घ्यायला लागले. पेपर वाचताना हात मांडीखाली दाबून बसायचे. मला दिसत होतं, माझ्या नवऱ्यालाही दिसत होतं, पण आम्ही कुणीच काही बोललो नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर ऑइलची वेळ झाली. नवरा म्हणाला, "या वेळी गॅरेजला टाकू." मामा पेपर वाचत राहिले. रविवारी सकाळी नवरा बाजारात गेला आणि इकडे मामांनी गाडी उतारावर चढवली.

मी मागं कपडे वाळत घालत होते. अंगणातून कट्ट असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्या वेळी मी पुढं आले. इंजिनाखाली चिखल-गोटे लागू नयेत म्हणून प्लास्टिकचं एक मोठं कव्हर असतं, आणि ते प्लास्टिकच्याच क्लिपांनी अडकवलेलं असतं. बोटाच्या पेराएवढ्या काळ्या क्लिपा, मधे एक पिन. मामा खालून सरकत बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर क्लिपांचे तुकडे होते.

"प्लास्टिक कडक झालंय उन्हानं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"ऑइल?"

"वॉशर न्हाई. ऑइलच्या बोल्टला नवीन वॉशर लागतंय, ते आणायचं राह्यलं. पुढच्या रविवारी बघू."

मग त्यांनी कव्हर तारेनं बांधलं. बराच वेळ लागला.

सोमवारी त्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात कागदात गुंडाळलेलं नवंकोरं तांब्याचं वॉशर निघालं. मी ते कागदातच परत गुंडाळलं. मग त्यांच्या टेबलावर चष्म्याशेजारी ठेवून दिलं.

मंगळवारी शाळेला जाताना वाटूरच्या अलीकडं गाडीखालून खरडल्याचा आवाज यायला लागला. कडेला घेऊन पाहिलं तर तार सुटून कव्हर रस्त्यावर घासत होतं. तारेचा पीळ एकदीड वेढ्याचाच होता. एवढाच त्यांच्या बोटांना जमला होता. मी साडी खोचली, मातीत आडवी झाले आणि डिकीतल्या सुतळीनं ते कसंबसं वर बांधलं. जन्मात पहिल्यांदा गाडीखाली गेले ती अशी.

साडीला लागलेलं काळं नवऱ्याला संध्याकाळी दिसलं. मला खोटं सांगता आलं नाही. जेवताना तो वडिलांना म्हणाला, "दादा, आता गाडीला हात लावू नका. हिला रस्त्यात काही झालं असतं म्हणजे?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मामांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला आणि "बराबर हाय," म्हणून ते उठून गेले. पुढचे तीन दिवस ते अंगणातही बसले नाहीत.

शनिवारी माझी सकाळची शाळा होती. दुपारी घरी येऊन मी मामांना म्हटलं, "जालन्याला जाऊ. क्लिपा घ्यायच्यात. मला कोणत्या लागतात ते कळणार नाही."

 ते आत जाऊन रुमालात बांधलेले तुटके तुकडे घेऊन आले.

आम्ही रेल्वेनं गेलो. दुकानदार तिशीतला होता. त्यानं गाडी कोणती ते विचारलं आणि क्लिपांचा डबा समोर ओतला. मामांनी जुना तुकडा एकेका क्लिपेशेजारी धरून पाहिला. दोन मापं निघाली, जाड आणि बारीक. मला दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या.

"काका, काढताना पहिले मधली पिन स्क्रूड्रायव्हरनं उचलायची," दुकानदार म्हणाला. "ती वर आली की बाकीचं आपसूक सैल पडतं. पिन बसलेली असताना बाहेरून ओढलं की तुटतंय."

"माहिती हाय," मामा म्हणाले. "पण पिनेखाली पेचकस बसायला हात थिर लागतो."

हाताबद्दल ते पहिल्यांदाच बोलले, तेही अनोळखी माणसासमोर. त्यांनी काउंटरवर एक क्लिप धरून पाहिली, तर पिन उडून खाली पडली. दुकानदारानं ती उचलून शांतपणे पुन्हा त्यांच्या हातात दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. त्या माणसाचं ते वागणं मला फार बरं वाटलं.

रविवारी मामा म्हणाले, "बाई, तू जाती का खाली?"

मी नवऱ्याचा जुना शर्ट चढवला. मामांनी इंजिन थोडं गरम करून बंद केलं, चाकांचे दगड दोनदा तपासले आणि पुढच्या चाकाशेजारी स्टूल टाकून बसले. खालून मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या.

आधी सुतळी कापली. शिल्लक क्लिपांपैकी पहिलीची पिन पेचकसाच्या टोकानं उचलली आणि ती सहज निघाली. दुसरी मात्र माझ्याही हातात तुटली.

"तुटली," मी म्हटलं.

"तुटू दे. ती तुटायसाठीच हाय. जल्दी करू नको."

कव्हर उतरलं. तेल धरायला कापलेला कॅन खाली ठेवून मी इंजिनाच्या बुडाशी असलेल्या बोल्टला पाना लावला.

"हात तेलाच्या वाटेत ठिवू न्हाई. गरम राह्यतं," मामा म्हणाले. तेवढ्यात काळ्या तेलाची धार सुटली. ती थेंबावर येईपर्यंत आम्हाला थांबायचं होतं. तेव्हा वरून त्यांचा आवाज आला.

"त्या दिवशी वॉशर होतं माझ्याकडं."

"माहीत आहे."

"पाना हातात ठरत नव्हता. मी दोनदा लावला, दोनदा निसटला. मंग भ्या वाटलं, बोल्ट अर्धवट आवळला जायाचा अन् तू गाडी घिऊन जायाची."

मी पडल्या पडल्या म्हटलं, "मामा, दवाखान्यात का नाही दाखवलं?"

"डेपोत एकाला असंच झाल्तं. आधी त्याचा पाना घेतला, मंग त्याला बाकावर बसवलं. घरचे लोक वाईट न्हाई करत, पण एकेक वस्तू हातातनं काढून घेतात."

त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं आणि माझं त्यांना. समोरासमोर बसलो असतो तर हे झालं नसतं, असं मला अजून वाटतं. मी म्हटलं, "मी खाली आहे ना. पण कुठं काय आवळायचं ते मला येत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल."

 धार थेंबावर आल्यावर वॉशर धरलेला त्यांचा हात खाली आला. तो थरथरत होता. मी वॉशर घेऊन बोल्टवर चढवलं.

"पहिले बोल्ट हातानं फिरव. बराबर गेला तरच पाना लाव."

ऑइलचा जुना फिल्टर काढून नव्याच्या रबराला तेलाचं बोट लावून तो बसवला. नवं ऑइल मात्र त्यांनी स्वतः वरून ओतलं, डाव्या हातानं, मोठं नरसाळं लावून, एक थेंबही न सांडता. इंजिन चालू करून खाली ओल येत नाही ना ते मी पाहिलं. मगच कव्हर वर टेकवलं आणि नव्या क्लिपा एकेक करून भोकात घातल्या. पिन अंगठ्यानं दाबली की टक असा बारीक आवाज यायचा. मामा वर बसून मोजत होते.

"एक राह्यली, डाव्या कोपऱ्यातली," ते म्हणाले. खरंच राहिली होती.

जेवायला बसल्यावर नवऱ्यानं माझी काळी नखं पाहिली आणि तो मामांकडं वळला. त्याच्या आधीच मामा बोलले.

"ऑइल तिनं बदललं. मी सांगायला होतो. अन् ऐक, माझा हात दिवाळीच्या आधीपासून थरथरतोय. दवाखान्यात जायचंय. गाडी ती चालवील, तू पण सुट्टी काढ."

 नवऱ्यानं वडिलांच्या ताटात भाजी वाढली.

आम्ही तिघं जालन्याला गेलो. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि हे पूर्ण जाणार नाही, पण आटोक्यात राहील असं स्पष्ट सांगितलं. परत येताना मामा पुढं माझ्या शेजारी बसले होते. शहर मागं पडल्यावर म्हणाले, "ब्रेक थोडे उशिरा लागून राह्यलेत. पुढच्या रविवारी बघू."