मामांची तिसरी कॅसेट

आमच्या वहिनीच्या मामांएवढा मोठा गिटारवाला अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नाही, असं मी म्हटलं की लोक विचारतात, "दुसरा होता तरी कोण?" नव्हता कोणी. म्हणून काय झालं! कॉलेजात असताना मामा तेव्हाच्या औरंगाबादेत चार पोरांच्या रॉक बँडमध्ये वाजवायचे. पुढं गाणारा बँकेत चिकटला, ड्रमवाल्यानं बियाण्याचं दुकान टाकलं आणि मामा जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका स्टील मिलमध्ये वजनकाट्यावर लागले. भंगाराचे ट्रक यायचे, मामा वजन लिहायचे. एकदा त्यांनी काट्यावर गिटारच ठेवून पाहिली. ट्रकांचा काटा तो, आकडा जागचा हलला नाही. "वजन शून्य! मंग अशी चीज खांद्यावरून उतरवायची कशाला?" हा किस्सा ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि पाहुणा हसला नाही तर पुन्हा सांगतात.

बँड मोडल्यावर मामांनी एकट्यानं तीन अल्बम केले. मिलच्या क्वार्टरमध्ये, तेही स्वयंपाकघरात, कारण आवाज तिथंच छान घुमतो म्हणे. टेपरेकॉर्डर पिठाच्या डब्यावर. पहिल्या कॅसेटचं नाव 'एमआयडीसीचा धूर', दुसरीचं 'काट्यावरची दुपार', आणि तिसरीला नाव सुचेना म्हणून नुसतं 'तिसरी'. कव्हरावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: 'गिटार: स्वतः. संगीत: स्वतः. ध्वनिमुद्रण: स्वतः. चहा: सौ.' प्रती त्यांनी नात्यातल्या लग्नांत आहेर म्हणून वाटल्या आणि नातेवाइकांनी त्या कॅसेटींवर खुशाल भजनं आणि हळदीची गाणी भरली. उरला तो मामांच्या घरचा एकच संच. तो ऐकायचा तर हात धुऊन बसायचं. मशीनला ताण नको म्हणून मामा फीत बॉलपेननं फिरवून मागं घेणार, आणि शेवटच्या धुनेचा शेवटचा सूर विरला रे विरला की खट्‌कन बटन दाबणार. "गाणं संपलं. आता सेल कशाला जाळायचे?" इतक्या वर्षांत फीत त्यापुढं एक बोटभर सरकू दिली असेल तर शपथ!

मामी मात्र आतून ओरडायच्या, "बंद करा ते टिंगटिंग! कुकरची शिट्टी ऐकू येईना." आम्ही सगळे हसायचो, मामाही हसायचे. दोन वर्षांखाली मामी गेल्या आणि मामांनी गिटार चादरीत गुंडाळून कपाटावर टाकली. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "जिच्यासाठी वाजवलं तिनं एक धून पुरी ऐकली न्हाई. बाकीच्या दुनियेनं ऐकून काय करायचं?"

माझं जालन्यात मस्तगडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गेल्या उन्हाळ्यात कॅसेटी मोबाइलमध्ये उतरवून देतो म्हणून मी मामांच्या मागं लागलो. महिनाभर टाळून शेवटी त्यांनी कॅसेटी टॉवेलात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून आणल्या. "फितीला धक्का लागला तर तुलाच काट्यावर चढवीन." दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, रस्ता उन्हात सुस्त पडला होता. मी ऐकत बसलो आणि खरं सांगतो, आपण दुकानात आहोत हेच विसरलो. हळू, लांबत जाणारे सूर, मागं कुठंतरी मिलची घरघर, जणू सगळं गाव दुपारच्या झोपेत कूस बदलतंय. हे आम्ही इतकी वर्षं टिंगटिंग म्हणत होतो!

'तिसरी'तली शेवटची धून संपली आणि टेपमध्ये मिलचा भोंगा वाजला. मामा त्या दिवशी बटन न दाबताच ड्युटीवर पळाले असणार, कारण फीत चालूच होती. दाराची कडी वाजली. मग सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज. आणि मग कोणीतरी तीच धून गुणगुणायला लागलं. मामी! पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक जागा न चुकता. जिथं मामांचं बोट हमखास घसरायचं, तिथून तर त्या अलगद पार झाल्या.

मी कॅसेटींचा डबा उचलला, शटर ओढलं आणि गाडी थेट मामांच्या घरी घातली. "काही बोलू नका, ऐका," म्हणालो आणि मोबाइलवर शेवटची धून लावली. मामा आधी हात धुऊन आले. धून संपताच सवयीनं त्यांचं बोट बंद करायला पुढं आलं. मी त्यांचा हात धरून ठेवला.

भोंगा वाजला. कडी. तांदूळ. मग मामी.

संपेपर्यंत मामा हलले नाहीत. हात माझ्या हातात तसाच. म्हणाले, "बराबर म्हणून राह्यली ती. चुकत मीच होतो." डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग डब्यातून 'तिसरी'चं कव्हर काढलं, फीत फिरवायचं ते बॉलपेन घेतलं आणि 'चहा: सौ.'च्या खाली सावकाश लिहिलं: 'गायन: सौ.'

"परत लाव," ते म्हणाले.

मी धुनेच्या सुरुवातीला गेलो.

"माझं ऱ्हाऊ दे रे. भोंग्यापासून लाव."