गेणूभाऊच्या नावावरची शर्यत

आमच्या आंदर मावळात गेणूभाऊ गराड्याएवढा भित्रा बंदूकवाला दुसरा झाला नाही. तळेगावातल्या एका बँकेच्या दारात वीस वर्षं स्वतःची बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहिला. घरात पाल दिसली की मात्र बायकोला हाक. सरुबाई म्हणायची, "बंदूक मला द्या, तुमी भाकऱ्या थापा." पण पगार त्या बंदुकीचाच होता. सिक्युरिटी एजन्सीनं बजावलेलं, परवाना आहे तोवर नोकरी.

त्या परवान्याला डाग लागला तो आमच्यामुळं. बैलगाडा शर्यतींवर बंदी असताना आम्ही गावच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, चोरून गाड्याची बारी पळवली आणि पोलिस आले. गाडा हाकत होता माझा पुतण्या आदिनाथ. त्यानं नेमका पोलिस भरतीचा अर्ज भरलेला. अशा वेळी आमच्याकडं गाव देवळात बसतं, गुन्ह्याला एकाचं नाव पुढं करतं आणि बाकीचे त्याची भातलावणी करून देतात. मीच म्हणालो, "गेणूभाऊ, तू तर नोकरीला लागलेला. तुला कशाचं भ्या?" गावाला नाही म्हणायलाही तो भ्याला.

पुढं बंदी उठली, सरकारनं ते गुन्हे मागं घेतले. गेणूभाऊनं पेढे वाटले. परवान्याच्या मधल्या नूतनीकरणाला जुन्या हवालदारानं हसतच 'हरकत नाही' लिहिलं होतं. गाडा कुणी हाकला, ते त्याला ठाऊक होतं.

यंदा नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन. पोलिस, कोर्ट, जिल्ह्याचं कार्यालय, सगळ्यांना एकमेकांच्या नोंदी दिसू लागलेल्या. ठाण्यात पडताळणीच्या टेबलावर कोण, तर आमचा आदिनाथ, पोट सुटलेला.

"गेणूकाका, गुन्हा प्रलंबित दाखवतोय."

"आरं, मागं घेतलाय की."

"ते कोर्टाकडून संगणकावर चढलेलं नाही."

"मग तू लिही. गाडा कोन हाकत व्हतं, तुला म्हाईत न्हाई व्हय?"

आदिनाथनं दाराकडं पाहिलं. "हळू बोला. मला नुसतं दिसतं, काका. खोडता येत नाही."

गेणूभाऊ सात वेळा कोर्टात गेला. दोनदा मी सोबत होतो. गुन्हा मागं घेतल्याचा जुना हुकूम पावसात भिजलेल्या गठ्ठ्यात होता, आणि तो सापडल्याशिवाय नोंद बदलणार नव्हती.

मी आदिनाथला म्हणालो, "खरं सांगून टाक."

"सांगतो. माझी नोकरी जाईल, आबा. काकांचा परवाना येईल का?"

 एरवी माझं तोंड बंद करायला सगळी आळी लागते.

परवान्याची मुदत संपली. बंदूक ठाण्यात जमा करावी लागली आणि पावती आदिनाथनंच लिहिली. गेणूभाऊ एवढंच म्हणाला, "पट्टा नवा हाय. उंदरांपासनं जप." दुसऱ्या दिवशी बँकेच्या दारात दुसरा माणूस उभा होता.

परवा त्याच्याकडं गेलो. भिंतीवर पाल होती. त्याला हसवावं म्हणून मी बोट दाखवलं. त्यानं वर पाहिलं, मान खाली घातली. सरुबाई चुलीपाशीच होती. तिला त्यानं हाक मारली नाही.